असईचा इतिहास कोणी लिहिला?

जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पूर्णेच्या काठी केदारखेडा आहे. तिथून उत्तरेला भोकरदन आणि पुढे पूर्वेकडे केळणा व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव लागते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच बेचक्यात ईस्ट इंडिया कंपनीची फौज आणि दौलतराव शिंदे यांचे कवायती कंपू यांच्यात लढाई झाली. दुसरे रघूजी भोसले शिंद्यांच्या बाजूने होते. कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये त्याने वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. त्यामुळे भोकरदन परिसरातले हे लहानसे गाव जगभरच्या युद्धशास्त्राच्या पुस्तकांत पोहोचले.

मात्र त्या पुस्तकांतली असई ही जिंकणाऱ्याच्या कागदांतून उभी राहिलेली असई आहे. वसाहतीची सत्ता आपल्या ताब्यातल्या मुलुखाचा इतिहास कसा घडवते, हे समजून घ्यायला याहून जवळचे उदाहरण मराठी वाचकाला क्वचितच सापडेल. यात खोटे लिहिण्याचा भाग थोडा असतो. कोणते कागद तयार होतात, ते कोणाच्या ताब्यात राहतात, कोणते छापले जातात आणि शाळेत काय शिकवले जाते, या चार गोष्टींवर खरी सत्ता चालते.

लढाईआधीची लेखणी

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईचा तह केला. तैनाती फौज स्वीकारून पेशव्याने आपले स्वातंत्र्यच गहाण टाकले. शिंदे आणि भोसले यांना न विचारता झालेला हा करार त्यांना मान्य होणे शक्यच नव्हते. मराठ्यांच्या दृष्टीने युद्धाचे मूळ इथे होते.

कंपनीने मात्र युद्धाचे कारण वेगळ्या शब्दांत मांडले. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली हा सेनापती आर्थरचा थोरला भाऊ. १८०३ संपता संपता त्याच्या सरकारने कलकत्त्यात मराठी राज्यातील घडामोडींवर एक सविस्तर टिपण छापले आणि १८०४ मध्ये ते लंडनमध्येही प्रसिद्ध झाले. शिंद्यांच्या उत्तर हिंदुस्थानातल्या फौजेवर पेराँ या फ्रेंच सरदाराचा ताबा असल्याने ब्रिटिश सत्तेला फ्रेंचांपासून धोका आहे, असा त्यातला मुख्य युक्तिवाद होता. युरोपात फ्रान्सशी युद्ध पेटलेले असताना लंडनमधल्या वाचकाला तो लगेच पटणारा होता. दख्खनमधली चढाई अशा रीतीने बचावाची लढाई ठरली. युद्ध पुरते संपण्याआधीच त्याच्या इतिहासाचा पहिला खर्डा जिंकणाऱ्याने तयार करून ठेवला होता.

एका बाजूची मोजदाद

लढाईनंतर कंपनीच्या फौजेने आपल्या हानीचा तक्ता तयार केला. त्यात ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता, अशी एकूण १,५८४ जणांची नोंद आहे. रणांगणावर उतरलेली वेलस्लीची फौज साधारण साडेचार हजारांची होती. म्हणजे दर तिघांतला एक जण कामी आला किंवा जायबंदी झाला. मराठ्यांची हानी मात्र त्याच कागदांत अंदाजाने येते: मैदानावर सुमारे १,२०० मृत आणि जखमी धरून एकूण सहा हजारांच्या आसपास. एका बाजूचा आकडा एकेका माणसापर्यंत नेमका आहे, तर दुसऱ्या बाजूचा शेकड्यांत आणि हजारांत. शत्रूचा हिशेब ठेवणे हे जिंकणाऱ्याचे काम नव्हतेच. पण पुढचे प्रत्येक पुस्तक याच तक्त्यावर उभे राहिले आणि तो विषमपणाही त्यांच्यासोबत पुढे गेला.

कंपनीच्या फौजेच्या आतही हीच उतरंड होती. वेलस्लीच्या पायदळात गोऱ्या पलटणी दोनच होत्या, ७४ वी आणि ७८ वी. बाकी बहुतेक शिपाई मद्रास इलाख्यातले होते. मेलेल्या आणि जखमी झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे कागदोपत्री एकेक करून आली. मद्रासी शिपाई आकड्यांतच राहिले.

मराठी तोफखान्याचे वर्णनही बारकाईने वाचण्यासारखे आहे. शिंद्यांच्या कंपूंकडे शंभराच्या आसपास तोफा होत्या आणि त्यांच्या माऱ्याने ७४ व्या पलटणीची जवळपास वाताहत झाली. इंग्रजी वृत्तान्तांनुसार गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. काही जण मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच त्यांनी उठून मागून मारा केला. बहुतेक पुस्तकांत हा प्रसंग कावा म्हणून येतो. आपली फळी मोडल्यावरही तोफेजवळ थांबून पुन्हा बत्ती देणाऱ्या गोलंदाजाच्या हिमतीसाठी त्याच प्रसंगात दुसरा शब्द वापरता आला असता. खुद्द वेलस्लीने खासगी पत्रांत मात्र शिंद्यांच्या पायदळाची तारीफ केली आहे. इंग्रजांचे वगळता हिंदुस्थानात पाहिलेले हे सर्वांत चांगले पायदळ आणि त्याची सामग्री टिपूच्या फौजेपेक्षा कितीतरी सरस, असे त्याचे मत होते. जिंकलेल्या सेनापतीला जे ठाऊक होते ते लोकप्रिय इतिहासात उतरले नाही. तिथे मूठभर शिस्तबद्ध गोरे आणि त्यांच्यासमोर अफाट, विस्कळीत हिंदी जमाव, हेच चित्र रूढ झाले.

वाटाड्यांची साक्ष

या लढाईतला सर्वांत प्रसिद्ध किस्सा नदीच्या उताराचा आहे. केळणा कुठून ओलांडायची हा वेलस्लीपुढचा प्रश्न होता. स्थानिक वाटाड्यांनी उतार नसल्याचे सांगितले. पण नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसताच, त्यांच्यात येण्याजाण्याची वाट असणारच, असा तर्क वेलस्लीने केला. शोध घेतल्यावर उतार सापडला आणि फौज पलीकडे गेली. वेलिंग्टनने उतारवयात स्वतः सांगितलेला हा किस्सा त्याच्या अलौकिक निरीक्षणशक्तीचा पुरावा म्हणून आजही उद्धृत होतो.

तर्क अचूक होता यात वाद नाही. पण इतिहासाचा अभ्यासक इथे आणखी काही प्रश्न विचारतो. किस्सा कोणी सांगितला, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि दुसरा साक्षीदार कोण? वाटाडे कोणत्या गावचे होते, त्यांना खरोखर माहीत नव्हते की परक्या फौजेला वाट दाखवायची नव्हती, हे नोंदवण्याची गरज कोणालाच वाटली नाही. त्यांचे अज्ञान गृहीत धरले गेले, कारण कथेचा नायक ठरलेला होता.

हरकाऱ्यांच्या बाबतीतही तसेच घडले. २१ सप्टेंबरला बदनापूर इथे वेलस्ली आणि कंपनीच्या दुसऱ्या फौजेचा प्रमुख कर्नल स्टीव्हन्सन यांनी २४ तारखेला दोन्ही फौजांनी मिळून हल्ला करायचा बेत ठरवला होता. प्रत्यक्षात वेलस्ली एक दिवस आधीच एकटा मराठ्यांच्या तळासमोर येऊन ठेपला. टॉमस मन्रो या कंपनीच्याच जाणत्या अधिकाऱ्याने, स्टीव्हन्सनची वाट न पाहता हल्ला का केला, अशी शंका पत्रातून उपस्थित केली. वेलस्लीने नोव्हेंबर १८०३ मध्ये त्याला सविस्तर उत्तर लिहिले. मराठ्यांचा तळ कुठे आहे याची बातमीच नीट मिळाली नव्हती, हा त्यातला एक मुद्दा होता. बातमी आणणाऱ्या हरकाऱ्यांची बाजू मांडणारे एकही पान नाही. फौजेची घोडचूक झाली असती तर तिचा ठपका कोणावर आला असता, हे मात्र या पत्रव्यवहारातून स्पष्ट दिसते.

विजयाचे स्मारक

लढाईचे स्मरण टिकवण्याचीही पद्धतशीर व्यवस्था झाली. भाग घेतलेल्या पलटणींना निशाणावर असईचे नाव आणि हत्तीचे चिन्ह लावण्याचा मान मिळाला. १८५१ मध्ये हयात सैनिकांसाठी पदक काढले गेले. त्यावर असईची स्वतंत्र पट्टी होती. वेलिंग्टनची पत्रे आणि खलिते कर्नल गरवुडने १८३४ पासून खंडांमागून खंड छापले. चरित्रकाराला लंडनमध्ये बसून सगळी सामग्री हाताशी मिळू लागली.

मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावरचा हत्ती याच परंपरेतून आला आहे. स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेने देशी राज्यांविरुद्धच्या लढायांचे सन्मान साजरे करणे थांबवले आणि असईही त्यांतच मोडते. शिपायांनी गाजवलेले शौर्य खरे असले तरी ते कोणासाठी आणि कोणाविरुद्ध खर्ची पडले, हा प्रश्न सेनेने दृष्टिआड होऊ दिला नाही.

दफ्तराच्या किल्ल्या

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्याचे दफ्तर इंग्रजांच्या हाती आले. त्याच वर्षी साताऱ्याला नेमल्या गेलेल्या कॅप्टन जेम्स ग्रँट डफला छत्रपतींच्या दरबारचे आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या मदतीने पेशव्यांचे कागद पाहायला मिळाले. १८२६ मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लंडनला प्रसिद्ध झाला. मेहनत आणि साधनांचा आवाका या दोन्ही दृष्टींनी हे काम मोठेच होते. बखरी, फारसी ग्रंथ, तह आणि कंपनीचे कागद ताडून लिहिलेला मराठ्यांचा असा सलग इतिहास तोवर झालेला नव्हता.

पण ग्रँट डफ राज्य घेणाऱ्या सत्तेचा अधिकारी होता. मराठ्यांचा उदय त्याला सह्याद्रीतल्या सुक्या गवताला लागणाऱ्या वणव्यासारखा वाटला. राज्य उभे करणारी समाजाची घडण, महसुलाची व्यवस्था, संतांनी घडवलेली मने यांना त्याच्या लेखनात जागा मिळाली नाही. पाने लढायांनी आणि दरबारी कारस्थानांनी भरली. ग्रंथाचे लवकरच ‘मराठ्यांची बखर’ या नावाने मराठी भाषांतर झाले आणि मराठी मुले आपल्याच पूर्वजांची ओळख त्यातून करून घेऊ लागली.

ज्या दफ्तराच्या आधाराने हा ग्रंथ झाला, ते इतरांना खुले नव्हते. १८५२ नंतर इनाम कमिशनने जुन्या सनदा तपासून जमिनी खालसा करण्यासाठी याच कागदांचा उपयोग केला. जुना कागद एकीकडे महसूल वाढवण्याचे साधन होता आणि दुसरीकडे राजकीयदृष्ट्या नाजूक दस्तऐवज होता. हिंदी संशोधकांना पुढची कित्येक दशके त्यात मर्यादित प्रवेश मिळाला.

मराठ्यांपुरतीच ही गोष्ट नव्हती. जेम्स मिलने हिंदुस्थानात पाऊल न ठेवता १८१७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. त्याने काळाचे हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश असे तीन तुकडे केले. पहिल्या दोन तुकड्यांना धर्माचे नाव आणि तिसऱ्याला राष्ट्राचे, ही विभागणी पाठ्यपुस्तकांत शंभर वर्षांहून अधिक टिकली. हेन्री एलियटने फारसी तवारिखांतले उतारे निवडताना, जुन्या राजवटींचे जुलूम वाचून लोकांना ब्रिटिश राज्याची किंमत कळेल, हा हेतू १८४९ मध्ये उघडच मांडला होता. आफ्रिकेत ग्रेट झिम्बाब्वेच्या भव्य दगडी वास्तू स्थानिकांनी बांधल्याचे मान्य करणे ऱ्होडेशियातल्या गोऱ्या सत्तेला जड गेले. गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन यांनी १९२९ मध्येच उत्खननाच्या पुराव्यावर त्या आफ्रिकी लोकांच्या असल्याचे सांगूनही वाद मिटला नाही. वसाहती सोडताना ब्रिटनने गुपचूप हलवलेल्या हजारो फायली हॅन्सलोप पार्क इथे असल्याचे २०११ मध्ये केनियातल्या माऊ माऊ पीडितांच्या खटल्यामुळे उघड झाले. जागा बदलल्या तरी पद्धत सारखीच आहे: कागद ज्याच्या हाती, भूतकाळही त्याच्या हाती.

मराठी प्रत्युत्तर

महाराष्ट्रात याला उत्तर लवकर मिळाले. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने १८६० च्या दशकातच ग्रँट डफच्या ग्रंथावर सविस्तर टीका लिहिली आणि त्याच्या साधनांतल्या व निष्कर्षांतल्या त्रुटी दाखवल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मराठ्यांचा उदय हा सगळ्या समाजाच्या जागृतीचा परिणाम असल्याचे मांडले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांत, वाण्यांच्या दुकानांत पडलेले मोडी कागद त्यांनी गावोगाव पायपीट करून गोळा केले. सरकारी दफ्तर बंद असेल तर घरोघरचे दफ्तर उघडायचे, हा त्यांचा मार्ग होता. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. अखेर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकात बाहेर आले.

या प्रत्युत्तरालाही मर्यादा होत्या. परकीय लेखकाने नाकारलेला मान परत मिळवण्याच्या भरात राजे, सरदार आणि मुत्सद्दी हेच पुन्हा केंद्रस्थानी आले. शेतकरी, बलुतेदार, स्त्रिया आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती बाहेरच राहिल्या. महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवरचा पोवाडा रचून रयतेच्या बाजूने इतिहास पाहण्याची दृष्टी मांडली होती. विद्वानांच्या मुख्य प्रवाहाने ती फार उशिरा मनावर घेतली.

जालन्याची दुहेरी अडचण

केदारखेडा, भोकरदन, असई या पट्ट्याची अडचण पुण्या-साताऱ्याहून वेगळी आहे. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा मुलूख सोडला. त्यात जालना परगणाही होता. पुढच्या वर्षीच्या वाटणीत तो निजामाकडे गेला आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिला. या काळात राज्यकारभार आधी फारसीत आणि नंतर उर्दूत चालला. कागद हैदराबादला जमा झाले. मुंबई इलाख्याचे प्रसिद्ध जिल्हा गॅझेटिअर जेम्स कॅम्पबेलने सिद्ध केले, पण मराठवाडा त्यांच्या कक्षेबाहेर होता. निजाम राज्यावर ब्रिटिशांचे वर्चस्व असल्याने या भागाचा इतिहास दोन सत्तांच्या दफ्तरांत विखुरला आणि दोन्हीकडे तो कडेलाच राहिला. त्यामुळे आजच्या संशोधकाला मोडी, फारसी, उर्दू आणि इंग्रजी अशा चारही वाटा चालाव्या लागतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंपीरियल गॅझेटिअरमधली असईची नोंद पाहिली की परिणाम कळतो. भोकरदन तालुक्यातले गाव एवढी ओळख देऊन ती थेट १८०३ च्या लढाईकडे वळते. गावाचे अस्तित्व जणू त्या एका दुपारपुरतेच.

प्रत्यक्षात हा मुलूख फार जुना आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या दानलेखांत या गावच्या दात्यांचा उल्लेख सापडतो. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७० च्या दशकात इथे उत्खनन केले. सातवाहन काळातले समृद्ध व्यापारी गाव मातीतून वर आले. तिथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतल्या पाँपेई इथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी ठळक साम्य आहे. पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरच्या या गावाचा संबंध अशा रीतीने थेट रोमन जगापर्यंत पोहोचतो.

उत्तरेच्या डोंगरातल्या अजिंठा लेण्यांचीही गोष्ट अशीच सांगितली जाते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या मद्रास फौजेतल्या अधिकाऱ्याने शिकारीच्या वेळी लेणी शोधून काढली, असे पुस्तके सांगतात. आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होतीच; स्मिथमुळे ती युरोपला कळली. लेण्यांतल्या शिलालेखांचे वाचन करून वाकाटकांशी असलेला त्यांचा संबंध समोर आणण्याच्या कामात मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड अग्रणी होते. लोकप्रिय कथेत मात्र शिकारीला आलेला अधिकारी राहतो आणि लिपी वाचणारा पंडित गळून पडतो.

कागद कसा वाचावा

यावर उपाय म्हणून वसाहतकाळातले कागद टाकून देता येत नाहीत. वेलस्लीची पत्रे नसती तर शिंद्यांच्या पायदळाचा दर्जा शत्रूच्याच तोंडून कळला नसता. ब्राह्मी लिपीचा उलगडा १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपनेच केला आणि त्यावाचून सांचीतले भोगवर्धन ओळखता आले नसते. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रज-मराठा युद्धांवरच्या ग्रंथात मुख्यतः कंपनीकडचीच सामग्री नव्या नजरेने वाचली. मराठ्यांचा तोफखाना मागासलेला नव्हता. पैसा, पत आणि शिंद्यांच्या युरोपीय अधिकाऱ्यांना फोडण्याची कंपनीची ताकद निर्णायक ठरली, असे त्यांनी दाखवले. जुन्याच कागदाला वेगळा प्रश्न विचारला की उत्तरही वेगळे मिळते.

म्हणून प्रत्येक नोंदीला काही साधे प्रश्न विचारावे लागतात. ती कोणी, कोणासाठी आणि केव्हा लिहिली? तिच्यात कोणाची नावे आहेत आणि कोण फक्त आकड्यांत आहे? लिहिणाऱ्याचा त्यात काय फायदा होता? तीच घटना सांगणारे दुसरे साधन कुठे असू शकेल?

शेवटचा प्रश्न केदारखेडा-भोकरदन परिसराला सर्वांत जास्त लागू पडतो. जुन्या घरांतले मोडी कागद, देवस्थानांच्या सनदा, इनामांचे दाखले, निजामकाळातले महसुली दस्त आणि वृद्धांच्या आठवणी ही या भागाच्या इतिहासाची साधने आहेत. वाळवी, ओल आणि वाटण्या यांच्या तावडीतून ती वाचवून, त्यांची छायाचित्रे काढून, मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांकडून ती वाचून घेणे हे काम स्थानिक शाळा, महाविद्यालये आणि ग्रंथालये करू शकतात. परकीय सत्तेने लिहिलेला इतिहास नुसत्या रागाने बदलत नाही. त्याच्या शेजारी तितक्याच नेमक्या पुराव्यांचा दुसरा इतिहास ठेवावा लागतो आणि तो इथल्याच माणसांनी लिहावा लागतो.